माळ्यावरचे एकोणचाळीस रणगाडे

पत्र थोडक्यात असं: वाचक लातूरचे, वय एक्केचाळीस, एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक. मूळ गाव उमरगा तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. घरात पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि पंच्याऐंशी वर्षांचे वडील. गेली सात वर्षं ते रणगाड्यांची स्केल मॉडेल्स जोडतात, रंगवतात, त्यांचे फोटो काढतात. पूर्ण झालेली बावीस, त्यातली सतरा जर्मन. माळ्यावर न उघडलेले बॉक्स एकोणचाळीस. मागच्या दिवाळीच्या सुमारास कुरिअरची पावती पत्नीच्या हाती लागली. किट होतं चार हजार आठशेचं, घरी सांगितलं होतं नऊशे. त्याच आठवड्यात गावाकडच्या भावाने हरभऱ्याच्या बियाण्यासाठी पाच हजार मागितले होते आणि यांनी "सध्या हात तंग आहे" म्हणून सांगितलं होतं. पत्नी एवढंच म्हणाल्या, "नऊशे म्हणालात ना?" त्यानंतर या विषयावर त्यांनी तोंड उघडलेलं नाही. मुलीच्या हातून एका रणगाड्याची बॅरल, म्हणजे तोफेची नळी, मोडली, हे ओरडले, ती आता त्या खोलीत पाऊल टाकत नाही. कॉलेजातले एक सहकारी म्हणाले, हिटलरचे रणगाडे शोकेसमध्ये मांडणं म्हणजे युद्धाची आरती ओवाळणं. फोटो दाखवले तर लोक विचारतात, "मुलीचं खेळणं का?" आणि वडील म्हणतात, "रणगाडे आम्ही खरे पाह्यलेत. तू काय पिलास्टिकचे करत बसलास!" वाचक विचारतात: सगळं विकून मोकळं व्हावं, की ही कला आहे हे घरच्यांना पटवून द्यायचा काही मार्ग आहे?

भाऊ,

तुमचं पत्र चार पानी. पहिली दोन पानं पँथर रणगाड्याच्या चाकांवर आहेत. एकमेकांवर चढवलेली ती चाकं, त्यांच्या फटीत अडकून बसणारा चिखल, आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची आधी उतरवायची कटकट, हे तुम्ही असं रंगून लिहिलंय की या विषयातलं ओ की ठो न कळणारी मीसुद्धा वाचत राहिले. पत्नी येतात तिसऱ्या पानावर. मुलगी चौथ्यावर. वडिलांच्या वाट्याला एकच ओळ, तीही टोमणा म्हणून. मला वाटतं, सगळ्या पत्रात मोलाची ओळ तीच आहे. तिच्याकडे येते. आधी पावतीचं बघू.

उत्तर लिहायला बसण्याआधी मी आमच्या कॉलनीतल्या एका मुलाकडे जाऊन तासभर बसले. इंजिनिअरिंगला आहे, त्यालाही हेच वेड. त्याने माझ्यासमोर एक चाक तयार केलं. प्लास्टिकच्या चौकटीतून, ज्याला तुम्ही लोक स्प्रू म्हणता, निपरने आधी थोडं लांबून कापलं. मग उरलेला नखाएवढा तुकडा दुसऱ्यांदा, अगदी अंगालगत. मग बारीक पॉलिशपेपर, मग चाक उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघणं, पुन्हा पॉलिशपेपर. एका चाकाला सात-आठ मिनिटं. "अशी किती?" विचारलं तर म्हणाला, "या रणगाड्याला चोवीस, काकू." मला माझी आजी आठवली. चैत्र-वैशाखात पाटावर शेवया वळायची. एक जाड निघाली की बाजूला टाकायची आणि आम्ही म्हणायचो, "चालतंय की, पोटातच जायच्या ना." ती ऐकायची नाही. तेव्हा कामाच्या दर्जाबद्दल माझी शंका फिटली आहे.

पण मला सांगा, ही कला नाही असं तुमच्या पत्नीने म्हटलंय कधी? मी पत्रात शोधलं. कुठेच नाही. त्यांनी एकच वाक्य म्हटलंय आणि त्यात रणगाडा हा शब्दसुद्धा नाही. सात वर्षं घरात थिनरचा वास आहे, डायनिंग टेबलाचा एक कोपरा अडलेला आहे, आणि त्या काही बोलल्या नाहीत. पावती दिसली तेव्हा बोलल्या. कलेवर व्याख्यान देऊन हे मिटणार नाही. तुम्ही एका खटल्यात दुसऱ्याच खटल्याचं वकीलपत्र घेऊन उभे आहात.

"सगळं विकून टाकतो" याचीही मला धास्ती वाटते. वरवर त्याग वाटतो, आत रुसवा असतो. आज सगळं विकाल आणि पुढची दहा वर्षं, पत्नीने एखादी साडी घेतली की तुमच्या तोंडून निघेल, "मी तर माझं सगळं सोडलं." त्यांनी सोडायला सांगितलेलंच नाही. मागे एका गृहस्थांनी कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल आणि एका बाईंनी पैठणीच्या भिशीबद्दल जवळजवळ याच शब्दांत लिहिलं होतं. वस्तू वेगळी, लपवलेला आकडा तोच. त्या दोघांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते: एक वही घ्या. सात वर्षांत किती गेले ते आठवून लिहा. किट, रंग, एअरब्रश, कॉम्प्रेसर, कुरिअर, सगळं. जिथे आठवत नाही तिथे थोडं जास्तच धरा. ती वही पत्नीसमोर ठेवा आणि नऊशेचं खोटं होतं हे सरळ सांगा. "तुला टेन्शन नको म्हणून" ही पुस्ती जोडू नका. ती कुणालाच खरी वाटत नाही, सांगणाऱ्यालाही. त्या चिडतील. चिडू द्या. मग महिन्याचा एक आकडा दोघांनी ठरवा, आणि तो घरखर्चाच्या वहीत दुधाच्या नि विजेच्या बिलाखाली उघड लिहिला जाऊ द्या. आकडा मी सांगणार नाही, तुमचा पगार मला माहीत नाही. भावाचे पाच हजार मात्र या आकड्याच्या आधी येतात. हरभरा पेरून, काढून झाला असेल आता. पुढच्या पेरणीला तरी त्याने मागायची वेळ आणू नका.

आता ते एकोणचाळीस बॉक्स. इथे मी जरा हळू बोलते, कारण माझ्या कपाटात लोकरीचे गुंडे आहेत, आणि ते किती हे मी या सदरात छापणार नाही. विकत घेणं हा एक छंद आणि करणं हा दुसरा. दोन्हींचा आनंद वेगळा असतो. बॉक्स आला, झाकण उघडलं, चौकटी न्याहाळल्या, माहितीपत्रक चाळलं, झाकण लावलं: तेवढ्यातच निम्मी तहान भागते. तुमचा वेग वर्षाला तीन मॉडेल्सचा आहे. एकोणचाळीस म्हणजे तेरा वर्षांचा साठा. तोवर मुलगी बावीस वर्षांची होईल.

आणि साठवलं म्हणजे टिकलं असंही नाही. तो इंजिनिअरिंगवाला सांगत होता, डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची ती चिन्हं नि आकडे, उष्णतेने आणि दमटपणाने पिवळी पडतात, चिरतात. काही जुन्या किटमधले रबरासारखे मऊ ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारे पट्टे, प्लास्टिकला टेकून वर्षानुवर्षं राहिले तर ते प्लास्टिक वितळवून टाकतात. वर पत्रे असतील तर लातूरच्या मे महिन्यात माळ्यावर काय होत असेल ते तुम्हीच बघा. पत्नीला बरोबर घेऊन सगळे बॉक्स एका रविवारी खाली काढा. जे खरंच करायचे आहेत ते दहा ठेवा. बाकीचे तुमच्यासारख्याच लोकांना विका, ते पैसे त्या वहीत जमा दाखवा. पुढे एक पूर्ण झालं की एक घ्यायचं. कडक नियम आहे, माहितीय. लोकरीच्या बाबतीत मी तो दोनदा मोडला.

एक गोष्ट पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी दचकले. "वास बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून रात्री रंगवतो." भाऊ, हे ताबडतोब बंद करा. तुमचा तो पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा डिंक, प्लास्टिकला वितळवून सांधतो, म्हणजे त्यात तितका तेज द्रावक असतो. लॅकर रंग आणि थिनर त्याच जातीचे. बंद खोलीत ती वाफ तुमच्याच छातीत जाते, आणि पलीकडच्या खोलीत नऊ वर्षांचं लेकरू झोपलेलं असतं. कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफेसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. तुम्ही प्रयोगशाळेत काम करता. पोरांनी खिडक्या लावून असं काही केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? खिडकी उघडा, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा, जमेल तिथे पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक वापरा. छंद उघड झाला की खिडकीही उघडता येते, हा त्या वहीचा वरचा फायदा.

सहकाऱ्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय. मला ते अर्धं पटतं. रणगाड्याचं मॉडेल करणं म्हणजे युद्धाची पूजा, असं मी मानत नाही. सापाचा अभ्यास करणारा साप होत नाही. पण तुमच्याच आकड्यांकडे बघा. बावीसपैकी सतरा जर्मन, त्यात चार टायगर, आणि अमेरिकन शर्मन एकही नाही. खऱ्या जगात टायगर-१ बनले साडेतेराशेच्या आसपास आणि शर्मन जवळजवळ पन्नास हजार. तुमचं शोकेस बघून परग्रहावरून आलेल्या माणसाला वाटेल की युद्ध जर्मनीने जिंकलं. यात तुमचा द्वेष-प्रेम काही नाही, टायगर दिसतो देखणा, एवढंच. पण देखणेपणाच्या मागे जाताना आपण काय निवडतोय याचं भान सुटतं, आणि सहकाऱ्यांनी बहुधा त्याच जागी बोट ठेवलंय. साधा उपाय करा. प्रत्येक मॉडेलच्या तळाशी पट्टी लावा: कुठला, कोणत्या साली, कोणत्या आघाडीवर, शेवट काय झाला. जो रणगाडा कुठे होता हे सांगता येत नाही, त्याला समोरच्या फळीवर जागा नाही.

आता अण्णा. तुम्ही वडिलांना अण्णा म्हणता ना? पत्रात एकदा तसं लिहून तुम्ही खोडलंय.

"रणगाडे आम्ही खरे पाह्यलेत." तुम्ही याला टोमणा म्हणता. मी हे वाचून नकाशा काढला. तुमचं गाव उमरगा तालुक्यात, रस्त्यालगत. अण्णा आज पंच्याऐंशीचे, म्हणजे १९४८ साली सात-आठ वर्षांचे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखालची फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. नळदुर्गजवळचा पूल शाबूत हाती आला, पुढे जळकोट घेतलं, आणि चिलखती दळाची आघाडी त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचली. दुसरी एक तुकडी तुळजापूरवर गेली होती. पाच दिवसांत सगळं आटोपलं, १७ सप्टेंबरला निजामाने हात टेकले. आपण दरवर्षी झेंडावंदन करतो तो मुक्तिसंग्राम दिन तो हाच. आणि त्या रस्त्याच्या कडेला, तुमच्या गावात, एक सात-आठ वर्षांचं पोर उभं होतं.

भाऊ, टोमणा म्हणून तुम्ही जे झटकलं ते आमंत्रण होतं. तो माणूस सात वर्षं तुमच्या खोलीच्या दारात उभा राहून सांगतोय की मला यातलं काहीतरी माहीत आहे, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून पँथरची चाकं घासताय. जर्मनीच्या १९४४ च्या रंगछटा तुम्हाला तोंडपाठ आहेत. अण्णांनी पाहिलेला रणगाडा कुठल्या रंगाचा होता, हे तुम्ही विचारलंय का?

विचारा. पण परीक्षा घेतल्यासारखं नको. "कोणता रणगाडा होता?" याचं उत्तर त्यांना येणार नाही आणि ते गप्प होतील. आवाज कसा होता, जमीन हादरली का, धूळ होती की चिखल, तुम्ही कुठे लपलात, आजी काय म्हणाली, शिपायांनी काही दिलं का, जनावरं कशी बुजली, असं विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. त्या वेळी आपल्या सेनेकडे शर्मन आणि स्टुअर्ट हे रणगाडे होते, शिवाय चिलखती गाड्या. तिन्हींची चित्रं छापून त्यांच्यापुढे पसरा आणि बोट ठेवू द्या. कदाचित बोट चिलखती गाडीवर पडेल, कदाचित साध्या लष्करी ट्रकवर. आठ वर्षांच्या पोराला सगळंच रणगाडा वाटतं, आणि मधे पाऊणशेहून जास्त वर्षं गेली आहेत. ती साक्ष कोर्टात टिकायची गरज नाही.

एक सांभाळून राहा. मराठवाड्यात ती आठवण एकरंगी नाही. रझाकारांचे अत्याचार ज्यांनी भोगले त्यांच्यासाठी ते रणगाडे म्हणजे सुटका होती. पण फौज आल्यानंतरच्या दिवसांत गावोगाव मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं तेही याच मातीत घडलं. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीने हिंडून अहवाल केला, तो कित्येक दशकं दाबून राहिला. सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचं, म्हणजे तुमच्या गावाच्याच जिल्ह्याचं, नाव त्यात आहे. अण्णा बोलता बोलता मधेच थांबले, किंवा एखाद्या वाड्याचं नाव घेऊन दुसरंच बोलायला लागले, तर खोदू नका. चहा करून आणा. युद्धाची आरती ओवाळण्याबद्दल सहकारी जे म्हणाले, त्याचं उत्तर द्यायला याहून चांगली जागा तुम्हाला मिळणार नाही. रणगाडा कुणासाठी काय घेऊन आला, हे टायगरच्या डब्यावरच्या चित्रात नसतं.

सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे माणसं कशी गुंतलेली होती त्याचा एक नमुना सांगते. अर्देशीर तारापोर हे निजामाच्या राज्याच्या फौजेत, हैदराबाद लान्सर्समध्ये होते. विलीनीकरणानंतर ते भारतीय सेनेच्या पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये आले. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोटच्या आघाडीवर, फिलोरा आणि चविंडाच्या लढाईत, जखमी असूनही त्यांनी रेजिमेंट सोडली नाही. १६ सप्टेंबरला पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचा रणगाडा सेंच्युरियन, आणि त्याचं किट मिळतं. जर्मन मॉडेल्सच्या फळीवर तो येऊन बसला तर सहकारीही थांबून पट्टी वाचतील.

पण आधी स्टुअर्ट करा. लहानखुरा रणगाडा आहे, खरा जेमतेम पावणेपाच-पाच मीटर, तुमच्या १:३५ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागात, चौदा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. चिखलासाठी बाजारातली महागडी पावडर घेऊ नका. गावाकडच्या रानातली मूठभर काळी माती आणा, कढईत भाजून कोरडी ठणठणीत करा, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळा. त्या पिठात पाणी घातलेला पांढरा डिंक मिसळून ट्रॅकच्या फटीत भरा. वाळल्यावर काळ्या मातीचा रंग उतरतो, म्हणून एखादा थेंब गडद तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, वरून सोडावा, असं आमच्या इंजिनिअरिंगवाल्याचं मत. (कढई पत्नीला विचारून घ्या. जुनी द्या म्हणावं.) सप्टेंबरातलं उमरग्याचं रान म्हणजे पायातली चप्पल ओढून घेणारं. हा चिखल तुमच्याइतका जपानमधल्या कुणाला माहीत नाही.

फोटोंबद्दल. तुम्ही नमुना म्हणून जोडलेला फोटो पाहिला. काचेच्या टेबलावर टायगर, वर ट्यूबलाइट, मागे फुलाफुलांचा पडदा, कोपऱ्यात मोबाइल चार्जरची वायर. आणि कॅमेरा वरून खाली. लोक "खेळणं का?" विचारतात ते याच कारणाने, तुमच्या कामामुळे नाही. खेळण्याकडेच आपण वरून बघतो. रणगाड्याकडे माणूस बघतो तो जमिनीवर उभा राहून, मान थोडी वर करून. पावणेदोन मीटरचा माणूस १:३५ मध्ये पाच सेंटिमीटरचा होतो आणि त्याचे डोळे साडेचारवर. तेव्हा तुमची लेन्स टेबलापासून साडेचार सेंटिमीटर उंचीवर हवी. मोबाइलची लेन्स वरच्या टोकाला असते, म्हणून मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली, पाठीशी वीट किंवा जाड डिक्शनरी. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने हलणार नाही.

दुसरं, जवळ जाऊ नका. अगदी जवळून काढलेल्या फोटोत माणसाचं नाक फुगतं तशी बॅरल फुगते. हातभर मागे सरका आणि दुप्पट झूम करा. मागचं चाकही मग बऱ्यापैकी स्पष्ट येतं. हातात खरा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ-१६ च्या आसपास ठेवा आणि ट्रायपॉड वापरा. पार्श्वभूमीला स्टेशनरीच्या दुकानातला फिकट निळसर-राखाडी कार्डशीट, मॉडेलच्या मागे दोन फुटांवर, सुरकुती न पाडता. उजेड सकाळी खिडकीतला, तिच्यावर बटर पेपर किंवा आईचं जुनं पांढरं पातळ. याउलट गच्चीवर, सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात नेलंत तर लांब सावल्या आपोआप खऱ्या वाटतात. मागे लांबवर तुरीचं रान असेल तर पडदाही नको.

फुंकर मारून, मऊ ब्रशने धूळ काढा. अर्ध्या मिलिमीटरचा कण तुमच्या मापात सुपारीएवढा धोंडा होतो, आणि केस पडला तर सुतळी. लोकांना नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं.

तरीही कुणी "खेळणं का?" म्हणालं तर हो म्हणा. हे १:३५ चं माप आलं कुठून, तुम्हाला माहीतच असेल. टामिया या जपानी कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीवर चालणारा पँथर काढला. पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला, तो पस्तिसाव्या भागाच्या जवळपास निघाला, आणि पुढे सगळ्यांनी तेच माप धरलं. पोरांनी जमिनीवर चालवायचं खेळणंच ते. त्यात लाजायचं काय?

अहिल्यानगरला आर्मर्ड कोअरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. सेंच्युरियन, विजयंता, १९६५ चे पॅटन, सगळे उघड्यावर उभे. बीड-आष्टीवरून एका दिवसात जाऊन येता येईल. मुलीला न्या. अण्णांची तब्येत साथ देत असेल तर त्यांनाही, आणि पत्नीला तर नक्कीच. मोजमापाच्या फोटोंसाठी मुलीला चाकाशेजारी उभं करा. तिची उंची तुम्हाला माहीत आहे, बाकी सगळं त्यावरून काढता येतं. एवढं मात्र करा, पँथरच्या चाकांचं पुराण त्या दिवशी दोन पानांच्या आत आटपा.

राहिली मोडलेली बॅरल. ती तुम्ही अजून जोडलेली नाही, असं पत्रावरून दिसतं. मुलीला बोलवा आणि आधी, ओरडलो ते चुकलं, असं म्हणा. एकदाच म्हणा, फार लांबवू नका, मुलं अवघडतात. मग बॅरलच्या दोन्ही तुकड्यांना बारीक हातड्रिलने सरळ छिद्र पाडा, तुम्ही पाडा. कागद लावायची पेपरक्लिप सरळ करून तिचा सेंटिमीटरभर तुकडा मधे बसवायचा, म्हणजे सांधा पहिल्यापेक्षा मजबूत होतो. क्लिप सरळ करणं, मोजणं, तुकडा बसवून बघणं, हे तिच्या हाती द्या. सांध्यावर पुट्टी भरून घासायचं काम तिला बहुतेक आवडेल. वाकडी बसली तर ओढून काढू नका. सुपर ग्लू मात्र तुम्हीच लावा, तिच्या बोटांपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. आणि ती बाटली उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवलीत तर जास्त टिकते, पण हवाबंद डब्यात, वर ठळक नाव लिहून, आणि दह्याच्या भांड्यापासून लांबच्या कप्प्यात. नाहीतर पुढचं पत्र मला तुमच्या पत्नीचं येईल.